एपिंगचे रान आणि आईची मोळी

परदेशी जाऊन आलेली माणसे राणीचा राजवाडा, घड्याळाचा उंच मनोरा, मेणाचे पुतळे यांची वर्णने करतात. ती आपण पुष्कळ वाचली आहेत. मी मात्र इंग्लंडमधल्या एका रानाची हकीकत सांगणार आहे. रान पाहायला एवढ्या लांब कशाला जायचे, असे कोणी म्हणेल. पण त्या रानाच्या इतिहासाचा आणि आपल्या आया-बायांनी डोक्यावरून वाहिलेल्या मोळीचा फार जवळचा संबंध आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी लेक लंडनच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिच्याकडे दोन महिने राहण्याची संधी मिळाली. पहिल्याच रविवारी आम्ही किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी जाऊन आलो. १९२१-२२ च्या काळात बाबासाहेब विद्यार्थी म्हणून तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले आणि त्याचे स्मारक केले. त्याविषयी अनेकांनी लिहिले आहे, म्हणून इथे थांबते. पुढच्या सुट्टीला लेक म्हणाली, "आई, तुला झाडाझुडपांची आवड. चल, एपिंगचं जंगल दाखवते."

लंडनच्या पूर्वेकडून सेंट्रल लाइनची गाडी लाउटन नावाच्या गावी जाते. तिथून पायी चालत रानात शिरता येते. हे रान सुमारे सहा हजार एकरांचे आहे. शहराच्या कडेपासून सुरू होऊन ते बारा मैल उत्तरेकडे एपिंग गावापर्यंत पसरले आहे. फाटक नाही, तिकीट नाही, चौकीदार नाही. कोणी कुत्रे घेऊन फिरत होते, कोणी लेकरांना घेऊन आले होते. दोन म्हाताऱ्या बाया समोरून आल्या आणि हसून "गुड मॉर्निंग" म्हणून पुढे गेल्या. तुम्ही कोण, कुठल्या, इथे कशाला आलात, असे कोणीही विचारले नाही.

ऑक्टोबरचा शेवट होता. आमच्या झाडीपट्टीतले जंगलही पानझडीचेच; पण आपल्याकडे साग, मोह, तेंदू यांची पाने माघ-फाल्गुनात गळतात, कारण पुढे पाण्याचा तुटवडा असतो. पाने टाकून झाड आपली ओल राखते. इंग्लंडात पाऊस बाराही महिने पडतो. तिथे झाड पाने टाकते ते थंडीमुळे आणि दिवस लहान होत गेल्यामुळे. ऊन कमी झाले की पानातले हिरवे द्रव्य झाड मोडून आत ओढून घेते. मग आतला पिवळा रंग उघडा पडतो. बीच नावाच्या झाडाची पाने घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी झाली होती. हॉर्नबीमची पिवळी, ओकची तपकिरी. बर्चची साल पांढरी आणि पाने हळदीच्या रंगाची. पायाखाली पानांचा थर इतका जाड की पाऊल रुतत होते. नातवाला तर किती पाने उधळू आणि किती नको असे झाले.

तथागतांचा जन्म लुंबिनीच्या शालवनात झाला, ज्ञानप्राप्ती पिंपळाखाली झाली आणि कुशीनारा इथे दोन शालवृक्षांमध्ये महापरिनिर्वाण झाले. पाने गळणाऱ्या झाडांच्या सावलीतच आपला धम्म वाढला. पान गळते, अनित्यता हा निसर्गाचा नियमच आहे. पण गरिबी, अडाणीपणा, माणसाने माणसाला हाकलून देणे हे निसर्गाचे नियम नव्हेत. ते माणसाने केलेले आहेत आणि माणूसच ते बदलू शकतो, ही बाबासाहेबांची शिकवण आहे. पुढची हकीकत ऐकली की त्याचे प्रत्यंतर येते.

दोन गोष्टींनी माझे लक्ष वेधले. एक म्हणजे, तिथे वाळलेली लाकडे जिथल्या तिथे पडलेली होती. मनगटाएवढ्या फांद्या, मांडीएवढे ओंडके, अख्खी उन्मळलेली झाडे! मी लेकीला म्हटले, "अगं, एवढं सरपण पडलंय आणि कोणी उचलत कसं नाही?" ती म्हणाली, ते मुद्दाम ठेवतात. कुजलेल्या लाकडात अळंबी वाढते, किडे राहतात. हरणासारखी शिंगे असलेला एक मोठा भुंगा तिथे आहे, त्याची अळी कुजक्या लाकडात कित्येक वर्षे राहून मग बाहेर येते. भुंग्यासाठी लाकूड राखून ठेवणारा हा मुलूख! मला माझी आई आठवली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आई नागपूरला दीक्षा घ्यायला गेली होती. परत आल्यावर आमच्या वस्तीने मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकीची कामे सोडली. त्याबरोबर त्या कामांवर मिळणारे बलुतेही बंद झाले. स्वाभिमान मिळाला, पण चूल पेटायची कशी? मग आई पहाटे उठून जंगलात जायची. वाळलेल्या काड्या वेचायची, डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी उचलायची आणि बाजाराच्या गावी नेऊन विकायची. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची, मोहफुले वेचायची. एकदा वाटेत नाकेदाराने तिची मोळी उतरवून घेतली, विळाही ठेवून घेतला. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते, तिच्या लुगड्याला धरून उभी होते. झाडावरची ओली फांदी नव्हती, खाली पडलेलेच लाकूड होते. तरी चोरीच ठरली. त्या दिवशी घरी चूल पेटली नाही.

दुसरी गोष्ट झाडांच्या आकाराची. बीच आणि हॉर्नबीमची कितीतरी झाडे अशी, की पुरुषभर उंचीच्या थोडे वरपर्यंत एकच जाड, गाठाळ खोड, आणि तिथून एकदम आठ-दहा फांद्या हाताच्या बोटांसारख्या वर गेलेल्या. अशी ५०,००० हून अधिक जुनी झाडे त्या रानात आहेत. ती निसर्गाने तशी केलेली नाहीत. शेकडो वर्षे गावच्या मजुरांनी तिथून फांद्या तोडून नेल्या, म्हणून तो आकार झाला. उंचावर तोडले म्हणजे नवे कोंब हरणांच्या आणि गुरांच्या तोंडी लागत नाहीत. झाड मरत नाही, काही वर्षांनी पुन्हा सरपण देते. तिकडे याला पोलार्डिंग म्हणतात. म्हणजे गरिबाची कुऱ्हाड जंगल संपवते हा आरोप खोटा. ज्या झाडांवर कुऱ्हाड चालली तीच झाडे शेकडो वर्षे जगली!

लाउटनच्या लोकांना हिवाळ्यात फांद्या तोडण्याचा परंपरागत हक्क होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री तोड सुरू व्हायची आणि एप्रिलपर्यंत चालायची. त्या रात्री तोड केली नाही तर हक्क बुडेल अशी समजूत होती. एका वर्षी जमीनदाराने सगळ्या तोडणाऱ्यांना दारू पाजून रात्र वाया घालवायचा डाव टाकला, पण टॉमस विलिंगेल नावाचा मजूर शुद्धीवर राहिला, वेळेवर रानात गेला आणि फांदी तोडून घेऊन आला, अशी दंतकथा तिथे सांगतात.

दंतकथा सोडा, इतिहास पक्का आहे. लाउटनचा जमीनदार जॉन व्हिटेकर मेटलंड हाच त्या गावचा पाद्रीही होता. जमीन आणि धर्म एकाच्याच मुठीत! १८६० नंतरच्या काळात त्याने सुमारे १,३०० एकर रान कुंपणात घातले. विलिंगेलच्या घरची माणसे नेहमीप्रमाणे लाकूड तोडायला गेली, तर त्यांना तुरुंगात टाकले. मग १८६६ मध्ये या मजुराने जमीनदारावर दावा लावला. सार्वजनिक जमिनी वाचवण्यासाठी १८६५ मध्ये स्थापन झालेली एक संस्था त्याच्या पाठीशी उभी राहिली. निकाल लागण्याआधीच, १८७० मध्ये विलिंगेल वारला आणि दावा थांबला. पण ठिणगी पडली होती. लंडनच्या महापालिकेची रानाच्या हद्दीत थोडी जमीन होती, त्यामुळे तिला तिथे गुरे चारण्याचा हक्क होता. त्या आधारावर तिने १८७१ मध्ये खटला भरला आणि १८७४ मध्ये जिंकला. कुंपणे बेकायदा ठरली. १८७८ मध्ये पार्लमेंटने एपिंग फॉरेस्ट कायदा केला आणि हे रान जनतेसाठी कायमचे मोकळे झाले. १८८२ च्या मे महिन्यात व्हिक्टोरिया राणी स्वतः येऊन ते लोकांना अर्पण करून गेली.

आता वाचकांनी १८७८ हे साल नीट लक्षात ठेवावे. त्याच साली, त्याच राणीच्या राज्यात, इंग्रज सरकारने हिंदुस्थानासाठी भारतीय वन कायदा केला. त्या कायद्याने आपल्याकडची जंगले राखीव ठरवून सरकारजमा करण्याचा रस्ता मोकळा केला. पिढ्यान्‌पिढ्यांचा जो हक्क होता, त्याची मेहेरबानीची सवलत झाली किंवा तो गुन्हा झाला. त्यांच्या देशात लोकांचे रान लोकांना परत, आणि आपल्या देशातले रान लोकांच्या हातून बाहेर! महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात डोंगर आणि गायराने गिळणाऱ्या या जंगल खात्यावर त्यांनी कडाडून टीका केली आहे. पुढे १९२७ मध्ये नवा वन कायदा आला. माझ्या आईची मोळी उतरवली गेली ती त्याच कायद्याच्या जोरावर.

आणि १९२७ म्हटले की आपल्याला महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ मध्येच झाला होता. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावरच्या ठरावाने कोणाची तहान भागली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी स्वतः ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा हक्क खरा झाला. कोर्टातली लढाई त्यानंतर दहा वर्षे, १९३७ पर्यंत चालली. लाउटनचा मजूर मध्यरात्री फांदी तोडत होता, तेव्हा तोही हेच सांगत होता. वापरला नाही तर हक्क जातो.

एपिंगच्या विजयातही एक उणीव राहिलीच. रान वाचले, पण ज्या हक्कासाठी विलिंगेलचे घर तुरुंगात गेले, तो फांद्या तोडण्याचा हक्क मात्र १८७८ च्या कायद्याने संपवण्यात आला. बदली ७,००० पौंड भरपाई दिली गेली. त्यातून १८८४ मध्ये लाउटनला एक सभागृह उभे राहिले. लॉपिंग हॉल हे त्याचे नाव, म्हणजे फांदीतोडीचे सभागृह. ते आम्ही बाहेरून पाहिले. तोड थांबली आणि त्या फांद्या वाढून इतक्या जड झाल्या की आता झाडांची खोडेच फाटण्याची भीती असते. म्हणून काही झाडांची छाटणी अलीकडे पुन्हा सुरू करावी लागली आहे. मजुराला हाकलले तर जंगलाचेही भले होत नाही, हे त्या फाटक्या झाडांकडे पाहून कळते.

आपल्याकडे २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. निस्तार हक्क, तेंदू, मोह, बांबू असे गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यात मान्य झाला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवून दाखवला. हा कायदा फक्त आदिवासी बांधवांचाच आहे अशी आपल्या पुष्कळ लोकांची समजूत असते. तसे नाही. 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून आपल्यालाही दावा करता येतो. अट मात्र कडक आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे आपण तिथे राहत होतो आणि जंगलावर जगत होतो, हे सिद्ध करावे लागते. ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले, त्यांनी ७५ वर्षांचा पुरावा आणायचा कुठून? पण नियमांत वाट आहे. जुनी कागदपत्रे तर चालतातच. शिवाय दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, घराचे अवशेष, स्मशानभूमी हाही पुरावा धरला जातो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा असतो आणि त्या समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात.

म्हणून झाडीपट्टीतल्या आणि रानाकाठच्या सगळ्या भगिनींना माझे सांगणे आहे. घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल तर तिच्याजवळ बसा. ती कोणत्या रानात जायची, मोळी कुठे विकायची, पाणी कोणत्या झऱ्याचे प्यायची, हे सगळे वहीत उतरवून घ्या आणि खाली तिचा अंगठा घ्या. शिकलेल्या पोरांनी ग्रामसभेत जाऊन समितीत कोण कोण आहे ते विचारावे. आमच्या आईचा जबाब घ्यायला आता ती राहिली नाही. ज्यांच्या घरी अशी माणसे अजून आहेत, त्यांनी पुढच्या पौर्णिमेची वाट पाहू नये. जयभीम!