दहा सेकंदांचा अंधार

छायाचित्रण हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच कबूल केलेले बरे. माझ्या हातून निघालेल्या बहुतेक फोटोंत माणसांची डोकी तरी उडालेली असतात, नाहीतर माझे बोट तरी आलेले असते. असे असूनही २०२४ च्या जूनमध्ये मी चार दिवस अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पॅसिफिक महासागराच्या वाऱ्यात दात वाजवीत, एकामागून एक दीपस्तंभांचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थाचे सामान वाहत हिंडलो. तो गृहस्थ म्हणजे माझा धाकटा भाऊ. पोर्टलंडला असतो. आमची गाठ तब्बल सात वर्षांनी पडत होती.

दीपस्तंभ या शब्दाशी माझे जुने वैर आहे. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. या काळात 'शिक्षक हा समाजाचा दीपस्तंभ असतो' हे वाक्य मी किती उत्तरपत्रिकांत वाचले असेल याची गणती नाही. सत्कारसमारंभात तर सत्कारमूर्ती दीपस्तंभ झाल्याखेरीज शाल अंगावर पडतच नाही. एकदा वैतागून एका निबंधाच्या समासात मी लिहिले होते, "दीपस्तंभ जवळ बोलावीत नाही, लांब राहा म्हणून सांगतो. समाजाने शिक्षकांपासून लांब राहावे, असे तुम्हांला म्हणायचे आहे काय?" त्या मुलाने पुढे मराठी विषय सोडला. आता वाटते, बिचाऱ्याचे फारसे चुकले नव्हते आणि माझे ज्ञानही काही पाहून आलेले नव्हते.

खरे तर पाहून यायला हवे होते. आमचे घर रत्नागिरीत, पेठकिल्ल्याच्या बाजूला. किल्ल्याजवळच्या टेकडीवर दीपगृह आहे, आणि लहानपणी त्याच्या उजेडाचा पट्टा आमच्या माजघराच्या खिडकीतून आत येई, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सरकत जाई आणि नाहीसा होई. अण्णा, म्हणजे आमचे वडील, शाळेत भूगोल शिकवीत. आम्ही दोघे भाऊ झोपायला तयार नसलो की ते दोघांच्या मध्ये आडवे पडत आणि म्हणत, "आता बत्ती फिरून येईपर्यंत आकडे मोजू." मग हळू आवाजात ते मोजू लागत. इतके मोजलेले आठवते. पुढचे आठवत नाही, कारण पुढे झोप लागलेली असे.

अण्णा २०२१ च्या मे महिन्यात गेले. तो महिना कसा होता हे वाचकांना सांगायला नको. ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना दारे जवळजवळ बंद केली होती. भाऊ नोकरीच्या व्हिसावर. इकडे आला असता तर परत केव्हा जाता येईल याचा भरवसा नव्हता, आणि घरात चार महिन्यांचे मूल. तो आला नाही. कारण मला पटत होते. पण कारण पटणे आणि राग जाणे या दोन गोष्टी निराळ्या असतात, आणि मधली तीन वर्षे आम्ही फोनवर फक्त हवापाण्याबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल आणि क्रिकेटबद्दल बोललो.

पोर्टलंडला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "दादा, माझ्याबरोबर किनाऱ्यावर चल. मी महिन्यातून एकदा जातो. बत्त्यांचे फोटो काढतो." भावजयीने डब्यात थालीपीठे भरून दिली, आणि बाजूला घेऊन मला म्हणाली, "भावोजी, तो तिथं फारसं बोलत नाही. कंटाळू नका."

पहिला मुक्काम कॅनन बीच गावाजवळच्या इकोला नावाच्या सरकारी उद्यानात. (तिथल्या एका पुळणीचे नावच इंडियन बीच आहे, अर्थात ते इंडियन म्हणजे आपण नव्हे.) किनाऱ्यापासून मैल-सव्वा मैलावर समुद्रात एक उघडा काळा खडक उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर, एखाद्याने टोपी विसरून जावी तसा, एक दीपस्तंभ. त्याचे नाव टिलामुक रॉक. लोक त्याला 'टेरिबल टिली' म्हणतात. १८७९ साली जागेची पाहणी करायला गेलेला गवंडी खडकावर उतरताना पाय घसरून समुद्रात गेला, तिथपासून या वास्तूची कहाणी सुरू होते. १८८१ च्या जानेवारीत दिवा लागायच्या थोडेच दिवस आधी धुक्यात एक जहाज जवळच फुटले. सोळा माणसे गेली, एक कुत्रा तेवढा वाचला. १९३४ च्या वादळात लाटांनी दगड उचलून दिव्यापर्यंत फेकले आणि मोठे भिंग फोडून टाकले. इतके करूनही १९५७ पर्यंत माणसे तिथे दिवा सांभाळीत राहिली.

भावाने तिवई रोवली, हातभर लांबीचे भिंग कॅमेऱ्याला लावले, आणि पाहू लागला. वाऱ्याने तिवई थरथरू नये म्हणून खाली आमची थालीपिठांची पिशवी टांगली होती. खारे तुषार भिंगावर येत. दर दोन मिनिटांनी फडक्याने भिंग पुसायचे काम माझ्याकडे.

"आता तिथं काय आहे?" मी विचारले.

"अस्थी," तो म्हणाला. "१९८० साली कुणी तरी ती जागा घेऊन अस्थिकलश ठेवायला सुरुवात केली. पुढे परवाना गेला. पण जे ठेवले ते आहेत आतच."

मी फडके हातात घेऊन उभा होतो. आणि जे तीन वर्षे फोनवर बोललो नव्हतो ते तोंडातून निघून गेले. "अण्णांच्या अस्थी मी एकट्यानं नेल्या. होडीवाल्यालाही मी हात लावायला सांगितलं, कारण दुसरं कोणी नव्हतं."

त्याने भिंगावरची नजर काढली नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "फडकं दे." मी दिले. आमचे संभाषण संपले. फोटो मात्र त्याने त्या दिवशी चांगला काढला असावा, कारण त्यात खडकाभोवतीच्या पाखरांचा एकेक पंख दिसतो.

पुढचा केप मेअर्सचा दीपस्तंभ अवघा अडतीस फूट उंच आहे. खालचा कडाच दोनशे फुटांहून उंच असल्यामुळे वर मनोरा बांधायची गरजच पडली नाही. ओट्यावर पाय सोडून बसलेल्या आजीसारखा तो दिसतो. आम्ही तिथे थालीपीठ खाल्ले आणि निघालो.

याक्विना हेडला मात्र दोन दिवस राहिलो. १८७३ साली तिथे दिवा लागला. त्र्याण्णव फुटांचा पांढरा विटांचा मनोरा, ओरेगन किनाऱ्यावरचा सर्वांत उंच. त्याच्या पायथ्याशी काळ्या गोल गोट्यांची पुळण आहे. लाट परत जाताना ते हजारो गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि भरल्या सभागृहात टाळ्या वाजाव्यात तसा आवाज येतो. गोटा हातात घेतला आणि ओळखीचा वाटला. तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्याच जातीचा, लाव्हारसाचा दगड. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, हा दीड कोटीच्या आतबाहेरचा. अण्णांनी तो नक्की खिशात टाकला असता. मी टाकला नाही, कारण तिथे तशी पाटी होती.

समोरच्या खडकांवर मर नावाचे काळेपांढरे पक्षी हजारोंनी अंडी उबवीत दाटीवाटीने उभे होते. मधूनच गरुड आला की सारी वस्ती एकदम उडे. भाऊ तासन् तास वाट पाहत बसे. दुपारच्या उन्हात दीपस्तंभाचा फोटो म्हणजे पांढऱ्या खांबाचा फोटो, असे त्याचे मत. मध्यरात्री काढावा तर नुसता दिवा येतो, मनोरा अंधारात जातो. सूर्य बुडाल्यावर आकाशाचा उजेड आणि दिव्याचा उजेड तोलाला येतात ती वीसेक मिनिटे खरी. त्यांच्यासाठी दिवस काढायचा. तेवढ्यात धुके आले तर काही दिसत नाही, आणि मुळीच नसले तर झोत दिसत नाही, कारण स्वच्छ हवेत उजेडाची वाट डोळ्यांना दिसत नसते; तिला अडवणारे पाण्याचे कण लागतात. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला हवे.

इथेच मला दीपस्तंभांची भाषा कळली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८२० नंतरच्या काळात काचेच्या लोलकांची कडी रचून एका दिव्याचा इतस्ततः वाया जाणारा उजेड क्षितिजाच्या रेषेत आणून सोडला. याक्विनाचे भिंग पॅरिसहून आलेले, १८६८ साली घडवलेले, आजही तेच आहे. पण उजेड नुसता लांब जाऊन भागत नाही. अंधारातल्या खलाशाला हा दिवा कोणता, हे कळावे लागते. म्हणून प्रत्येकाची चाल वेगळी. याक्विना दोन सेकंद लागतो, दोन सेकंद विझतो, पुन्हा दोन सेकंद लागतो आणि मग चौदा सेकंद अंधार. दक्षिणेला अम्पक्वा नदीच्या मुखावरचा दोनदा पांढरा आणि एकदा तांबडा चमकतो. खलाशी उजेड पाहून नव्हे, मधला अंधार मोजून दिवा ओळखतात. छंदःशास्त्र शिकवणाऱ्याला यती म्हणजे काय ते ठाऊक असते. तरी हे मला तिथे वाऱ्यात उभे राहून समजले, वर्गात नाही.

त्या रात्री न्यूपोर्टच्या खोलीत दिवा मालवल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, तुझा फोन आला तेव्हा इथं संध्याकाळ होती. मी गाडी काढली आणि निघालो. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. साडेतीन तासांनी हेसीटा हेडपाशी होतो. उजाडेपर्यंत तिथंच उभा होतो."

"फोटो काढलेस?"

"कॅमेरा गाडीत होता. बाहेर काढलाच नाही."

मी काही बोललो नाही. कूस बदललीसुद्धा नाही, आवाज होईल म्हणून.

शेवटचा दिवस हेसीटाचा. १७७५ साली इकडून गेलेल्या ब्रूनो दे एसेता या स्पॅनिश दर्यावर्दीचे नाव या टोकाला मिळाले. इथल्या लोकांच्या जिभेवर त्याचे हेसीटा झाले. डोंगराच्या अर्ध्या उंचीवर, मागे दाट झाडी, खाली फेसाळ समुद्र, आणि मध्ये छप्पन्न फुटांचा पांढरा मनोरा. दिवा लागला १८९४ साली. भिंग इंग्लंडच्या चान्स ब्रदर्सचे. झोत एकवीस मैलांवरून दिसतो म्हणतात. पूर्वी रॉकेलचा दिवा जळे आणि भिंग फिरवणारे घड्याळाचे यंत्र रखवालदार हाताने किल्ली देऊन चालवीत. रात्री कुणाला झोप परवडत नसे. आता वीज आहे. रखवालदारांच्या घरात पाहुणे पैसे भरून राहतात आणि सकाळी त्यांना सात पदार्थांची न्याहारी मिळते, असे भावाने सांगितले. थालीपीठ असते का, विचारायचे राहिले.

आम्ही दक्षिणेच्या बाजूला, महामार्गाच्या दगडी कठड्यापाशी उभे राहिलो. ही त्याची त्या रात्रीची जागा. साडेनऊच्या सुमारास समुद्रावरून धुक्याचा एक विरळ पदर आत आला आणि झोत दिसू लागले. एक नव्हे, चाकाच्या आऱ्यांसारखे कितीतरी, झाडांवरून, समुद्रावरून, आमच्या डोक्यावरून सावकाश फिरत जाणारे. दर दहा सेकंदांनी एक आमच्याकडे बघे.

"पडदा दहा सेकंद उघडा ठेवला तर सगळे झोत पुसले जातात," तो सांगू लागला. "एक आरा सरकत दुसऱ्याच्या जागी येतो, आणि आकाश नुसतं पांढरं होतं. दीड-दोन सेकंदच हवेत. उजेड आमच्यावरून गेला की लगेच नाही दाबायचं; थोडं थांबून. मी मोजतो, तू दाब." आणि त्याने वायरीच्या टोकाचे बटण माझ्या हातात दिले.

तो मोजू लागला. एक, दोन, तीन. अगदी हळू, शेवटचे अक्षर लांबवीत. त्याच्या घरात आकडे इंग्रजीत मोजले जातात, हे मी चार दिवसांत पाहिले होते. पाचाला मी बटण दाबले. पुन्हा उजेड आला, गेला. पुन्हा एक, दोन. असे पंचवीस-तीस वेळा झाले असेल. बोटे गारठून बधीर झाली होती.

मध्येच तो थांबला. "आपल्या बत्तीला अण्णा किती मोजायचे रे? पंधरा ना?"

"बारा," मी म्हणालो.

"पंधरा. मला पक्कं आठवतं."

"तू पाच वर्षांचा होतास. बारा."

एवढ्या तेवढ्यावरून आम्ही अमेरिकेच्या एका महामार्गावर, धुक्यात, चांगले दहा मिनिटे भांडलो. सात वर्षांत पहिल्यांदा आवाज चढले. शेवटी त्याने आईला फोन लावला. तिकडे सकाळचे सव्वादहा वाजले होते. ती भाजी निवडीत होती. दोघांचे म्हणणे तिने नीट ऐकून घेतले.

"बारा नाही नि पंधरा नाही," ती म्हणाली. "तुम्हांला झोप लागेपर्यंत मोजायचे ते. बत्ती येऊन गेली तरी मोजायचे. एकदा शंभरावर गेले होते." मग थोडे थांबून, "आता खिडकीतून दिसत नाही ती. पुढं इमारत झाली. तिथं थंडी आहे का रे? बाळाला स्वेटर घालायला सांग."

बाळ म्हणजे चाळिशीला आलेला माझा भाऊ. मी त्याला स्वेटर घालायला सांगितले. तो म्हणाला, "गाडीत आहे. घालतो. आधी अजून दोन काढू." आणि मोजू लागला.