पॉवर टाकू का, काका?

सीएनजीच्या गाडीला पिकअप कमी असतं, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. एसी लावून, चार माणसं बसवून कात्रज चढायला लागलात की कळतंच. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर साधारण ६७ पीएस देतं, तेच सीएनजीवर ५७ च्या आसपास येतं. आता गंमत बघा. साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आपण वर्षानुवर्षं ९१ धरत आलो. सीएनजीचं असतं १२० च्या वर. ऑक्टेन जास्त तेवढी ताकद जास्त, हा हिशेब खरा असता तर रिक्षावाल्यांनी घाटात सगळ्यांना मागे टाकलं असतं.

हे मी बाबांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "गॅस वेगळा, पेट्रोल वेगळं." तसं त्यांचं अगदीच चूक नाही. गॅस सिलिंडरमध्ये जागा खातो, त्यामुळे हवा कमी मिळते आणि ताकद उतरते. पण माझा मुद्दा ऑक्टेनच्या आकड्याचा होता, आणि तो त्यांनी शिताफीने टोलवला. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या माणसाशी वाद घालणं सोपं नसतं.

बाबांनी २०१४ मध्ये घेतलेली हॅचबॅक ही आमच्या घरातली पहिली गाडी. मेथीच्या जुडीमागे पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा हा माणूस, पंपावरच्या पोराने "पॉवर टाकू का, काका?" विचारलं की क्षणभरही न थांबता "टाक" म्हणतो. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त. तीस लिटर भरलं की दोनशेच्या वर. कारण विचारलं तर म्हणतात, "चांगलंचुंगलं खाल्लं की अंगी लागतं, गाडीचंही तसंच." ऐकायला इतकं बरोबर वाटतं की खोडून काढायला आधी इंजिन उघडावं लागतं. मी मेकॅनिकल करून हिंजवडीत कोड लिहिणाऱ्या हजारोंपैकी एक, त्यामुळे पदवीचा तेवढाच उपयोग.

तर, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबत वर नेतो. वर पोहोचताना स्पार्क प्लगची ठिणगी पडते, ज्योत एका टोकापासून पसरत जाते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पण कधी कधी ज्योत पोहोचायच्या आतच, कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपणच भडकतं. पत्र्याच्या डब्यात खडे वाजवल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. ते वाढलं तर पिस्टनला भोक पडायची वेळ येते. पेट्रोल असं अवेळी न भडकता किती सोसू शकतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० मार्क, एन-हेप्टेनला शून्य, आणि या दोघांच्या मिश्रणांशी तुलना करून पंपावरच्या पेट्रोलचा नंबर ठरतो. त्यासाठी प्रयोगशाळेत एका सिलिंडरचं खास इंजिन असतं. मिनिटाला फक्त ६०० फेऱ्यांवर चालणारं, कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येणारं.

म्हणजे हा आकडा सोशिकपणाचा आहे. लिटरमध्ये ऊर्जा किती, हे तो सांगतच नाही.

सोशिक पेट्रोलचा फायदा घ्यायला इंजिनही तसं लागतं. कॉम्प्रेशन जास्त असलेल्या किंवा टर्बो इंजिनात दाब इतका वाढतो की साधं पेट्रोल नॉक व्हायला लागतं. नॉक सेन्सर ते ऐकतो, ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो, इंजिन वाचतं, पण थोडी ताकद जाते. तिथे जास्त ऑक्टेन टाकलं तर ती परत मिळते. गाडी टर्बो असेल आणि मॅन्युअलमध्ये ९५ लिहिलं असेल, तर खुशाल टाका, तुमचे पैसे वाया जात नाहीत. पण जे इंजिन ९१ वरही नॉक होत नाही, त्याला ९५ देऊन ईसीयूने नेमकं काय करावं? ठिणगीची वेळ त्याच्या नकाशात ठरलेली आहे, त्यापलीकडे तो जात नाही.

मी शंभर टक्के कोडवाला माणूस, म्हणून गाडीला ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल लावून पुण्याहून सांगलीला जाताना खंबाटकीत ठिणगीच्या वेळेचे आकडे फोनवर साठवले. एकदा साधं पेट्रोल, एकदा पॉवर. दोन्ही रेषा जवळपास एकमेकींवर बसल्या. दोन फेऱ्यांनी काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. अमेरिकेत 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये हेच नीट तपासलं होतं. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम टाकून ना ताकदीत लक्षणीय फरक पडला, ना ॲव्हरेजमध्ये, ना धुरात. तिथल्या लोकांनी वर्षभरात यापायी दोनशे कोटी डॉलरहून जास्त उधळल्याचा त्यांचा अंदाज होता. म्हणजे बाबा एकटे नाहीत.

आपल्याकडे तर आता गोष्ट आणखी पुढे गेली आहे. २०२५ पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्येच वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलचं ऑक्टेन १०० च्या बरंच वर, त्यामुळे पेट्रोलियम मंत्रालयाच्याच म्हणण्यानुसार ई-२० चं ऑक्टेन ९५ झालं. ज्या आकड्यासाठी बाबा जास्तीचे पैसे मोजत होते, तो साध्या नळीतून यायला लागला. आणि त्याच सुमारास त्यांची तक्रार सुरू झाली की गाडीचं ॲव्हरेज पडलं!

यात विरोधाभास काहीच नाही. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा तिसरा भाग काढा, सहा-सात टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी एवढीच घट धरली होती. ऑक्टेन वर गेलं, ॲव्हरेज खाली आलं. इतका स्वच्छ पुरावा मला कॉलेजच्या लॅबमध्येही मिळाला नव्हता. यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं. माझ्या काकांचा ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथे डिस्टिलरी आहे. त्यामुळे घरात ॲव्हरेजवर चर्चा निघाली की काका उसाच्या बिलाची बाजू घेतात, बाबा टाकीची, आणि आई टीव्हीचा आवाज वाढवते.

दहा-बारा वर्षं जुन्या गाडीवाल्याची धास्ती मात्र मला खोटी वाटत नाही. त्याला निवड न देता इंधन बदललं गेलं. जुन्या रबरी पाईपांची आणि सीलची काळजी त्याने स्वतःच घ्यायची. अशा वेळी पंपावरची महागडी नळी त्याला सुटकेसारखी दिसते. पण ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतंच. इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं काही प्रीमियम पेट्रोलमध्ये घालतात, ती वेगळी गोष्ट, तिचा ऑक्टेनशी संबंध नाही.

शेवटी गाडीचं मॅन्युअल काढलं. अकरा वर्षं ते प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. इंधनाच्या पानावर ९१ लिहिलेलं बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि त्यानंतर रोजच्या फेऱ्यांना साधं पेट्रोल सुरू झालं. घाट चौथ्या गिअरमध्ये ओढायची सवय सोडून ते आता वेळेवर तिसरा टाकतात. नॉकिंगवर याइतका स्वस्त उपाय नाही. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असलं की मात्र टाकी अजूनही पॉवरनेच भरली जाते. त्यावर मी काही बोलत नाही. घरच्या हिशेबाच्या एक्सेलमध्ये ते दोनशे रुपये मी इंधनात न धरता नारळ-ओटीच्या रकान्यात टाकतो.