वहिवाटीचा दावा

शिरूर घोडनदीच्या काठी आणि दौंड भीमेच्या काठी. घोडनदी दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते, तेव्हा एका पाण्याने जोडलेल्या, पुणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरच्या या दोन गावांचे प्रारब्धही एकच असावे असे कोणासही वाटावे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याहून सोलापूरकडे लोहमार्ग नेणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी मुळामुठा आणि भीमा यांच्या खोऱ्यातील सपाटी पसंत केली, 1878 मध्ये मनमाडचा फाटाही दौंडहूनच निघाला, आणि पुण्याहून शिरूरमार्गे सरळ सडकेवर असलेल्या नगरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणालाही आगगाडी मिळाली ती दौंडचा वळसा घेऊन. ज्या शिरूरला इंग्रजांची छावणी होती, जिथून 1817 च्या अखेरच्या रात्री इंग्रज कप्तान स्टाँटनची पलटण भीमा कोरेगावकडे निघाली, त्या शिरूरच्या वाट्याला केवळ सडक राहिली. पुढे 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली ती याच सडकेने, आणि त्यानंतर दोन पिढ्या तरी शिरूरकराचे घड्याळ स्टँडवरच्या गाड्यांनीच चालले.

एकाला रूळ, दुसऱ्याला सडक, आणि बाकी माती, माणसे, पीकपाणी सारखे: वाहनांच्या प्रश्नाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास याहून सोयीची तुलना सहसा मिळणार नाही. तथापि माझ्या पुतण्याला ती पुरेशी वाटत नाही. तो युट्रेक्टला राहतो, दिवाळीला येतो, आणि आल्यापासून जाईपर्यंत आमच्या ओट्यावर एकच विषय चालतो. "काका, तुम्हा लोकांना गाडीचं व्यसन लागलंय," असे त्याचे पहिले वाक्य असते. समोर शेजारचे राज्य परिवहनातून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक बसलेले असतात. ते मुळात मितभाषी, पण व्यसन हा शब्द ऐकला की त्यांचा चहा थांबतो. मी या दोघांमध्ये पंच. कारण तहसील कार्यालयात, ज्याला आम्ही जुने लोक अजून मामलेदार कचेरीच म्हणतो, वकील म्हणून रस्त्याचे दावे चालवण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि रस्त्याबद्दल चार शब्द बोलण्याचा अधिकार त्यामुळे मला प्राप्त झाला आहे अशी घरच्यांची समजूत आहे.

पुतण्याचे वर्णन खोटे नाही. युट्रेक्टच्या स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली ठेवण्याची व्यवस्था आहे, शाळकरी मुले एकटी सायकलवरून जातात, आणि मंत्रीही सायकलवर दिसतात. पण हे सारे तो अशा रीतीने सांगतो की जणू डच मनुष्य जन्मतःच पायडल मारीत आला. वस्तुस्थिती निराळी आहे. त्याच युट्रेक्टने जुन्या शहराभोवतीच्या कालव्याचा एक भाग मोटारींच्या रस्त्यासाठी कोरडा केला होता, आणि तो पुन्हा पूर्णपणे पाण्याने भरला गेला तो 2020 मध्ये. 1971 साली त्या इवल्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आईबापांनी ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या कठोर नावाची संघटना काढली आणि लोक रस्त्यांवर उतरले. 1973 च्या तेलसंकटात सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा रिकाम्या हमरस्त्यांवरून चालताना आपण काय गमावले होते ते त्यांना दिसले. म्हणजे ज्याला पुतण्या संस्कृती म्हणतो तो वस्तुतः एका प्रदीर्घ दाव्याचा निकाल आहे. वादी होते पायी चालणारे, प्रतिवादी होता मोटारवाला, आणि निकाल फुकट लागला नाही. शिवाय तिथेही मोटारी नाहीशा झालेल्या नाहीत. पुष्कळ घरांच्या दाराशी एक उभी असते, आणि लांबच्या प्रवासाचा मोठा हिस्सा तीच उचलते. छायाचित्रात ती येत नाही इतकेच.

परदेश म्हटला की आपण नेमका कोणता परदेश निवडतो, हेही पाहण्याजोगे आहे. आमच्या पेठेतून जितकी मुले हॉलंडला गेली त्याहून कितीतरी अधिक अमेरिकेला गेली, आणि न्यू जर्सीच्या एडिसनसारख्या ठिकाणी स्थायिक झाली. त्यांचे आईबाप सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी जातात. शिरूरला असताना सकाळी देवळात, दुपारी बँकेत, संध्याकाळी भाजीबाजारात स्वतःच्या पायांनी जाणारा, पेन्शनीच्या कामासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणारा सत्तर वर्षांचा गृहस्थ तिथे गेला की सुंदर हिरवळीच्या मध्यभागी नजरकैदेत पडतो. कारण दूध आणायचे तर मोटार, देऊळ गाठायचे तर मोटार, आणि मोटार चालवणारा मुलगा संध्याकाळी सहाला घरी येणार. परत आल्यावर ही माणसे तिथल्या स्वच्छतेची मनापासून स्तुती करतात, परंतु पहिल्या दिवशी ती काय करतात ते मी अनेकदा पाहिले आहे: काही काम नसताना बाजारपेठेतून एक चक्कर मारून येतात. त्या देशाचे नगररचनाशास्त्र आमच्या ओट्यावर कोणी आदर्श म्हणून मांडीत नाही. म्हणजे आपला परदेश म्हणजे चार शहरांतल्या निवडक गल्ल्या. आणि त्या गल्ल्यांशी तुलना करायची ती मात्र साऱ्या शिरूर-दौंडची. वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात ते हेच. आणि पेडगाव तर दौंडहून काही फार दूर नाही.

आता नियंत्रकांची बाजू. त्यांचे म्हणणे असे की मोटारसायकल ही चैन नसून हमी आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी रात्री सुटते. त्या वेळी कारखान्याच्या फाटकापासून आपल्या वाडीपर्यंत नेणारी गाडी ज्याला मिळत नाही, त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली तर त्यात व्यसन ते कोणते? 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत राज्य परिवहनाचा संप चालला. त्या काळात ज्याने गाडी घेतली त्याने संप मिटल्यावर ती परत केली नाही, आणि जी खासगी वडापची जीप स्टँडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली ती तिथून हलली नाही. उलट मार्च 2023 मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, आणि ज्या बाया नवऱ्याच्या किंवा दिराच्या सवडीवर अवलंबून होत्या त्या एकट्या नगरला, पुण्याला, माहेरी जाऊ लागल्या. लोकांना गाडीत बसायचे नाही हा सिद्धान्त त्या एका हुकुमाने निकालात निघाला. ज्या वस्तीची मुक्कामी गाडी बंद होते, तिथे पहिल्याच वर्षी दोन-चार दारांत दुचाक्या येतात. आणि दारात दुचाक्या आल्या की, उत्पन्न नाही म्हणून, पुढची फेरी बंद होते.

मी स्वतः या कारणपरंपरेत आणखी एक दुवा घालीन, जो दोघांच्याही ध्यानात येत नाही. शिरूर तालुक्यात घोड धरणाचे आणि चासकमानचे पाणी आले, दौंड तालुक्यात मुठा कालव्याचे पाणी त्याआधीच पोचले होते. पाण्यामागून ऊस आला, आणि उसामागून माणूस गावठाण सोडून मळ्यात राहावयास गेला. पूर्वी पांढरीत, भिंतीला भिंत लावून, देवळापासून हाकेच्या अंतरावर राहणारी कुटुंबे आता आपापल्या विहिरीवर, एकमेकांपासून अर्धा-अर्धा मैल दूर आहेत. अमेरिकेचे उपनगर पसरले ते हिरवळीत, आमचे पसरले उसात. पण शाळा, दवाखाना, पिठाची गिरणी ही सारी पायी जाण्याच्या पल्ल्याबाहेर गेली हा परिणाम दोन्हीकडे सारखाच झाला. तरीही पुतण्या न्हावरा ते चौफुला या रस्त्यावर सायकलसाठी स्वतंत्र पट्टी मागतो. गळिताच्या हंगामात, रात्री, मागे दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर त्याने तिथे एकदा समोरून येताना पाहावा.

दौंडला रूळ असूनही गोष्ट फारशी वेगळी नाही, एवढ्याने रुळाची महती सांगणारेही जरा नरमतील. 2017 पासून पुणे-दौंड डेमू धावते. पाटस, केडगाव, यवत येथील नोकरदार आणि विद्यार्थी पासावर पुण्याला जातात, आणि शिरूरच्या मुलाला नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या कोंडीत जो वेळ काढावा लागतो तो त्यांना लागत नाही, हा रुळाचा खराखुरा नफा आहे. परंतु स्थानकाबाहेर दुचाक्यांची रांग पाहा: मळा ते स्थानक हा तुकडा कोणी जोडलेला नाही. आणि मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांची इंजिने फिरवण्याचा खोळंबा वाचावा म्हणून गावाबाहेर कॉर्ड लाइन झाली, तेव्हा लांबच्या प्रवाशाची सोय झाली खरी, पण दौंडकराला आपल्याच गावच्या गाडीसाठी गावाबाहेर जाण्याची तजवीज करावी लागली.

माझ्या धंद्यात मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 हा रोजच्या वापराचा कायदा. शेजाऱ्याने बांध घालून वहिवाटीची वाट अडवली, तर अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा गुदरावा, मामलेदाराने स्थळपाहणी करावी, आणि वाट पूर्ववत खुली करून द्यावी. बैलगाडीच्या चाकोरीसाठी भाऊ भावाशी किती निकराने भांडतो हे मी पाहिले आहे, आणि त्या भांडणाला मी कधी क्षुद्र मानले नाही. परंतु ज्या म्हातारीची दवाखान्याला जाण्याची वाट कुणा शेजाऱ्याने नव्हे तर फेरी बंद झाल्याने अडली, जिच्या दारासमोरचा रस्ता इतका रुंद झाला की तिला तो ओलांडता येईना, तिने दावा कोणाविरुद्ध आणि कोणत्या कलमाखाली लावावा? तिची वहिवाट मोडली आहे याविषयी मला संशय नाही. फक्त स्थळपाहणीला कोणी येत नाही. 1914 मध्ये हिंदुस्थानात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस हे नगररचनेसाठी गावात गेले की आधी गल्लीबोळ पायी हिंडत आणि मगच कागदावर रेघ ओढत. परदेशातून आणावयाचेच असेल तर ही रीत आणावी, असे मी पुतण्याला सांगतो. ती बांधावी लागत नाही आणि तिला निविदाही लागत नाही.

सध्या आमच्या ओट्यावर पुणे ते शिरूर असा सुमारे चोपन्न किलोमीटरचा उन्नत मार्ग चर्चेत आहे. तो मंजूर आहे, आणि पुणे-नगर सरळ लोहमार्ग मात्र अजून प्रस्तावात आहे. पुतण्याला हे ऐकून संताप येतो, कारण युट्रेक्टने जो रस्ता उखडला तोच आपण खांबांवर चढवतो आहोत असे त्याला वाटते. मला तितके खात्रीने बोलवत नाही. कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेतला माणूस कोणत्याही तत्त्वज्ञानाची वाट पाहू शकत नाही. परवा त्याने नियंत्रकांना विचारले, "मग एसटी वरून जाणार की खालून?" त्यांनी कप खाली ठेवला आणि कोंढापुरी, शिक्रापूर, सणसवाडी अशी थांब्यांची नावे बोटांवर मोजीत म्हणाले, "थांबे आहेत तोवर खालून. कुणी वर नेली, तर पहिला अर्ज वकीलसाहेबांनी लिहायचा." मी तसा मसुदा करून ठेवला आहे, प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव घालावे एवढी एक जागा त्यात कोरी आहे.