थोरल्याची हुंकारी

धाकटीचं बोलणं घरात सगळ्यात आधी तिच्या भावाला कळतं. आम्ही मोठी माणसं एखादं अक्षर ओळखीचं लागतंय का ते चाचपडत असतो, तोवर तो खेळातून मान वर न करता सांगून मोकळा होतो, "तिला खिडकी उघडून पाहिजे." खिडकी उघडली की ती शांत होते. तो पाच वर्षांचा, ती दोनाला टेकलेली. त्याच्या स्वतःच्या जिभेवर 'र' अजून धड बसलेला नाही, पण तिच्या बोलण्याचा अर्थ लावताना तो कधी अडत नाही.

याचा मला होणारा आनंद मोठा आहे आणि तो मी लपवत नाही. संध्याकाळी दोघांचं काही चाललेलं असलं की मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबते. भाऊ अंगणातून आत आला नाही की ती म्हणते, "दादा जाला." म्हणजे दादा गेला. चाल-चालला, पळ-पळाला, तसं जा-जाला. ज्या व्याकरणाचं नावही तिच्या कानावर पडलेलं नाही, त्याचा नियम तिनं आपला आपण शोधून काढला, आणि नेमकी त्या जागी आपली मराठीच नियम सोडून बसलेली. मला त्याहून गोड वाटतं ते त्याचं उत्तर. तो कधीपासून 'गेलो' असं स्वच्छ म्हणतो, पण तिला सांगताना म्हणतो, "हो, मी जालो होतो. आता आलो." तो तिला दुरुस्त करत नाही. तिच्या भाषेत उतरतो.

मुलांच्या पहिल्या बोलण्याच्या नोंदी विद्वानांनीही ठेवल्या आहेत. चार्ल्स डार्विननं आपल्या मुलाच्या तान्हेपणाची टिपणं बरीच वर्षं जपून 1877 साली छापली. वेर्नर लिओपोल्ड या भाषाशास्त्रज्ञानं इंग्रजी आणि जर्मन एकत्र शिकणाऱ्या आपल्या मुलीवर चार खंड लिहिले, 1939 ते 1949 या काळात. दोघांनीही मुख्यतः टिपलं ते घरातल्या थोरल्या मुलाचं बोलणं. थोरल्याला बोलायला मोठी माणसंच असतात, त्यामुळे कोणाकडून काय आलं ते सांगता येतं. धाकट्याचं तसं नसतं. 1996 साली कॅनडातल्या संशोधकांना असं आढळलं, की दुसरी मुलं 'मी', 'तू' ही सर्वनामं पहिल्या मुलांपेक्षा आधी वापरू लागतात. आई आणि थोरलं मूल एकमेकांशी बोलतात ते त्यांच्या कानावर पडत असतं. मी त्याला 'तू' म्हणते, तो मला 'तू' म्हणतो, आणि दोघंही स्वतःला 'मी' म्हणतात, हा गुंता बाजूला बसून ऐकणाऱ्यालाच लवकर सुटत असणार.

आमच्या धाकटीला तो सुटला आहे, पण तीन भाषांत. भिलाईत आमच्या शेजारी बालोदकडच्या एक आजी राहतात. मुलं त्यांना डोकरी दाई म्हणतात. त्यांच्या मांडीवरून धाकटी छत्तीसगढी घेऊन येते. तिनं फोनवर "मोर दादा, मोर दादा" असं सुरू केलं, तेव्हा नागपूरला माझ्या आईला वाटलं नातीनं मोर पाहिला. 'मोर' म्हणजे माझा, हे थोरल्यानंच आजीला समजावलं. आई म्हणाली, "बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तुमच्याकडे तर बारा पावलांवर बदलते."

तेव्हापासून ही म्हण माझा पिच्छा सोडत नाही. बाराच कोस का? हिंदीत हीच म्हण चार कोसांची आहे, आणि पाणी तर कोसाकोसाला बदलतं म्हणतात. कोस साधारण तीन किलोमीटरचा धरला, तर नागपूर ते भिलाई हे अंतर ऐंशीहून जास्त कोसांचं होतं. म्हणजे माझ्या माहेरपासून माझ्या घरापर्यंत भाषा सहा-सात वेळा तरी बदलायला हवी. गाडीत बसून कान उघडे ठेवले तर ती बदलतेही. नागपूरची बोली भंडाऱ्याला झाडीबोलीत शिरते, गोंदियाला डब्यात पोवारी ऐकू येते, सालेकसा-दरेकसाचं जंगल ओलांडून बोरतलाव मागे पडलं आणि डोंगरगडची टेकडी दिसली की गाडीत चढणारी माणसं छत्तीसगढी बोलत असतात. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सननं आपल्या भाषा-सर्वेक्षणात बस्तरकडची हलबी मराठीच्या खंडात घातली आणि छत्तीसगढी पूर्वी हिंदीच्या. सीमा कुठेतरी आखावी लागते म्हणून ती आखली जाते. माणसं मात्र दोन्ही बाजूंची बोली बोलत ये-जा करत राहतात.

पण म्हणीतली भाषा चालत्या माणसासाठी आहे. गावं आपल्या जागी बसलेली आणि वाटसरू त्यांच्यामधून जातोय, असं तिनं धरलेलं आहे. भिलाईत उलटं झालं. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि चारही दिशांचे कोस इथे येऊन राहिले. सेक्टरमधल्या एका रांगेत एका दारात तेलुगू, पुढच्यात मल्याळम, त्यापुढे बंगाली, ओडिया, पंजाबी. आमच्या घरची माणसंही त्याच लाटेत विदर्भातून आली. पाण्याचंही तेच. तांदुला धरण बांधून झालं 1921 साली, तेव्हा या कारखान्याचा कोणाच्या मनात विचारही नव्हता. पुढे कालव्यानं तेच पाणी इथवर आलं. ते धरण आहे बालोदजवळ, अठरा-वीस कोसांवर. डोकरी दाई आमच्या नळाचं पाणी पिऊन "ये तो हमर गाँव के पानी ए" म्हणतात, ते खरंच आहे. मग कोसाकोसाला पाणी बदलतं, या म्हणण्याचं इथे काय करायचं?

डोकरी दाई मुलांना गोष्टी सांगतात त्या पंडवानीच्या, म्हणजे इकडच्या महाभारत-गायनाच्या ढंगात. भीम आला की हात उगारतात. पंडवानी गायिका तीजनबाई याच भागातल्या, गनियारी गावच्या. आजोबांना महाभारत गाताना ऐकून ऐकून त्या शिकल्या. बायकांनी बसून गायची रीत होती, त्या उभ्या राहून गायल्या. पुढे त्या भिलाई इस्पात संयंत्रात नोकरीला होत्या आणि 2019 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्याइतकंच माझं लक्ष जातं ते त्यांच्या बाजूला बसलेल्या रागीकडे. पंडवानीत गाणाऱ्याला रागी लागतोच. तो हुंकारी भरतो, ओळ उचलतो, मध्येच विचारतो, मग काय झालं? आपल्या पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, पण झीलकरी सूर धरतात. रागी गोष्ट धरतो. प्रेक्षकांच्या मनातला प्रश्न तो आधी विचारतो, आणि गाणारी ओघात पुढे निघाली असेल तर तिला अर्थापाशी थांबवतो. अख्खं महाभारत एका बाईच्या तोंडून उभं राहतं असं आपण म्हणतो, पण 'हव', म्हणजे हो, म्हणणारा कोणी नसता तर ते किती पुढे गेलं असतं?

माझा थोरला धाकटीचा रागी आहे, असं मला वाटू लागलं आणि त्या विचारानं मी काही काळ फार सुखात होते. ती अर्धं बोलते, तो "हव, मग?" म्हणतो, ती आणखी थोडं बोलते. "भू... जाला... आई..." "हव, भूभू गेला, मग?" "पानी!" अशी त्यांची गोष्ट कितीही लांबते.

मग एक शंका आली आणि ती जात नाही. परवा ती काहीतरी "ता, ता" म्हणाली. त्यानं सांगितलं, तिला बिस्किट पाहिजे. बिस्किट मिळालं, ती शांत झाली. एक त्यालाही मिळालं. तिला बिस्किटच हवं होतं का? ती शांत होते म्हणजे त्यानं सांगितलेला अर्थ बरोबर, असं मी धरून चालले होते. असंही असेल, की तो जो अर्थ सांगतो तो ती आपला म्हणून घेते. रागीनं विचारलेल्या प्रश्नाकडे गोष्ट वळतच असेल ना? 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच पाहणीत हजारावर मुलं होती. मोठा भाऊ असलेली मुलं मोठी बहीण असलेल्यांपेक्षा भाषेत सरासरीनं थोडी मागे होती. कारण काय, याबद्दल अंदाजच आहेत. माझ्या आईच्या पिढीच्या बायका म्हणायच्या, थोरलं बोलून टाकतं म्हणून धाकटं उशिरा बोलतं. कॅनडाचं ऐकलं तर तो तिला शिकवतोय, फ्रान्सचं ऐकलं तर तिच्या वाटचं बोलतोय. घरात बघितलं तर एकाच संध्याकाळी दोन्ही करतोय.

आणि भाषेचा प्रश्न राहतोच. शाळेत जायला लागल्यापासून त्याचं खेळणं हिंदीत चालतं. गाडीचा अपघात हिंदीत होतो, वाघ हिंदीत डरकाळी फोडतो. तो माझ्याशी मराठी बोलतो, तिच्याशी खेळताना हिंदीत जातो, आणि ती त्याच्या मागे जाते. 'जाला' हे तिचं मराठी रूप आत्ता आहे. ते सुटून 'गेला' येईल, की त्या जागी 'चला गया' येईल, हे माझ्या हातात किती आहे? मी सारखं "मराठीत बोला" म्हणाले तर त्यांच्यामधली ती वाहती बोली थांबेल, याची मला भीती वाटते. काहीच म्हणाले नाही तर आजीशी फोनवर ही मुलं कशात बोलणार, याचीही वाटते. आणि सगळं नीट झालं तर आमच्यानंतर ही दोघंच एकमेकांना सर्वांत जास्त काळ पुरणार आहेत. मग त्यांच्यातली भाषा त्यांनीच ठरवावी, हे मला पटतं. पटूनही मी परवा "पानी नाही, पाणी" असं म्हणालेच. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. तो म्हणाला, "दोन्ही चालतं."

चालतं का, मला माहीत नाही. तुमच्या घरात अशी दोन मुलं असतील तर त्यांचं आपसातलं बोलणं मध्ये न पडता ऐका, आणि जमलं तर शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. दोन वर्षांच्या मुलाला या दिवसांतलं पुढे काही आठवत नाही. पाच वर्षांच्याला आठवलं तर थोडंफार आठवतं.