पडणारा आणि पाडणारा

जो पडला तोच दुबळा, आणि जो शेवटीं जवळ होता तोच दोषी, असा निकाल देण्याची मनुष्यास मोठी घाई असते. यंत्रांच्या बाबतींत ही घाई विशेषच दिसून येते. आमच्या शाळेच्या कचेरींत नुकताच घडलेला एक लहानसा प्रसंग याच कारणास्तव विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कचेरींतील ज्या ई-मेल प्रोग्रॅममध्यें पालकांचीं पत्रें येतात, तो एके सकाळीं उघडतांच आपोआप बंद पडूं लागला. शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांत अडकलेले, आणि मुदत संपण्यास दोनच दिवस उरलेले! आदल्या दुपारीं वरच्या वर्गांतील एक मुलगा याद्या टंकून देण्याकरितां त्या संगणकावर बसला होता. ‘त्यानेंच कांहीं तरी दाबलें असेल,’ असें जो तो बोलूं लागला. मुलगा बिचारा मान खालीं घालून उभा होता. आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, प्रथम यंत्राची साक्ष घ्यावी.

ई-मेल प्रोग्रॅमला ‘ॲड-इन’ नांवाचे जोडप्रोग्रॅम लावितां येतात. आलेल्या पत्रावरून परस्पर कामांची यादी करणारें ॲप हें त्यांपैकींच एक. जुन्या पद्धतीचा ॲड-इन यजमान प्रोग्रॅमच्याच मेमरींत राहतो. दोघांची चूल एकच. पाहुण्यानें जाळ भडकविला तर घर यजमानाचें जळतें, आणि पाहणारास नांव दिसतें तेंही यजमानाचेंच. नव्या पद्धतीच्या ॲड-इनला निराळी खोली देतात, ती याचसाठीं.

पाहुण्यांवांचून प्रोग्रॅम उघडण्याची एक सोय असते. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्यें कंट्रोल कळ दाबून धरिल्यास ती मिळते व तिला ‘सेफ मोड’ म्हणतात. थंडरबर्डमध्यें त्याकरितां शिफ्ट कळ आहे. आम्हीं या सोयीनें उघडतांच आमचा प्रोग्रॅम तासभर निर्वेध चालला. म्हणजे यजमान निरोगी होता. दोष पाहुण्यांत होता.

पाहुणे आठ होते. एकेक तपासतां सात खेपा लागण्याचा संभव होता. म्हणून चार एकदम बंद केले. पडणें थांबलें, तेव्हां दोषी त्या चारांतच असला पाहिजे. त्यांतील दोन पुन्हां चालू केले. प्रोग्रॅम उभाच राहिला. उरलेल्या दोहोंपैकीं एक चालू करितांच तो कोसळला. तें होतें कामांच्या यादीचें ॲप. आठांना तीन परीक्षा पुरल्या. सोळांना चार पुरतात आणि बत्तिसांना पांच.

एवढ्यावर आम्ही थांबलों नाहीं. तें एकच बंद ठेवून बाकीचे सातही चालू केले, तरी प्रोग्रॅम चालला. तें एकटेंच चालू केलें, तर पडला. पुढें विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही नोंदवही उघडली. तींत पडण्याची वेळ आणि तें कोणत्या फाइलींत घडलें हें लिहिलेलें असतें. प्रत्येक नोंदींत त्याच ॲपची फाइल होती. तिच्यावरील तारीख पाहिली, तों कळलें कीं, रात्रभर चालू राहिलेल्या संगणकांत त्या ॲपनें पहांटे आपली नवी आवृत्ति आपणच चढवून घेतली होती. त्या वेळीं शाळेंत कोणीच नव्हतें!

ॲप काढून टाकिलें आणि अर्ज त्याच संध्याकाळीं रवाना झाले. मुख्य लेखनिकांनीं मुलाला जवळ बोलावून सर्वांदेखत आपले शब्द परत घेतले. आमच्या मतें त्या दिवसाचें मोठें काम तेंच झालें.

विद्यार्थिमित्रहो, काय घडल्यास काय समजावयाचें हें परीक्षेपूर्वींच ठरवा. उत्तर मिळालें तरी तें उलटून पाहा. आणि तोंपर्यंत कोणाचेंही नांव घेऊं नका. पालकांसही आमची नम्र विनंति आहे कीं, घरांतील संगणक वा फोन अडला म्हणजे त्यास शेवटीं हात लावणाऱ्या मुलावर रागें भरण्यापूर्वीं अर्धा तास त्याच्याच शेजारीं बसून कारण शोधावें. कारण सांपडो वा न सांपडो, मुलगा शोधण्याची रीत तरी शिकेल.