घरसंसाराची सायकल

मुदखेड, जि. नांदेड

चि. सौ. भाचीस,

मुदखेडला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी मुलाला बालवाडीत पोहोचवणे, बाजार आणणे आणि मळ्यावर ये-जा करणे या कामांसाठी परदेशी धर्तीची मालवाहू सायकल मागवावी, की घरातील जुन्या सायकलीच त्या कामाजोग्या करून घ्याव्यात, असा प्रश्न पत्रात विचारलेला आहे. परंतु ओझे सायकलीच्या नेमक्या कोणत्या भागावर पडावे हे ठरल्याशिवाय कोणती सायकल घ्यावी हे ठरवता येत नाही, म्हणून उत्तराचा आरंभ तेथूनच करणे उचित.

मालवाहू सायकलीचे मुख्य प्रकार तीन. पहिला डेन्मार्कमध्ये १९२० च्या दशकात रूढ झालेला ‘लाँग जॉन’, ज्यात हँडल आणि पुढचे चाक यांच्यामध्ये जमिनीलगत एक लांब फळी किंवा पेटी असते आणि चाक लांबच्या सळईने वळवले जाते. दुसरा तीन चाकांचा, म्हणजे पुढे दोन चाकांमध्ये मोठी पेटी असणारा, जो कोपनहेगनच्या ख्रिस्तियानिया वस्तीत १९८४ पासून तयार होऊ लागला व पुढे तेथील आईबापांनी मुलांसाठी आपलासा केला. तिसऱ्यात मागचे चाक आणखी मागे सरकवून कॅरिअर लांबवलेले असते. ओझे जितके खाली आणि दोन चाकांच्या जितके मध्ये, तितका तोल सोपा, हे तत्त्व पहिल्या प्रकाराने उत्तम पाळले आहे. तथापि एवढी लांब सायकल अरुंद बोळात वळवणे अवघड जाते. तीन चाकांची सायकल उभी असताना पडत नाही हा तिचा गुण खरा, पण ती वळणावर आत झुकू शकत नसल्याने वेगात वळवल्यास एका बाजूने उचलली जाते, आणि तिची चाके तीन वेगळ्या रेषांत धावत असल्याने खड्डा चुकवण्यास वाव उरत नाही. मुदखेडच्या रस्त्यांना ती मानवणार नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते.

याउलट घरोघरी दिसणारी काळी सायकल, जिचे स्वतःचे वजनच सुमारे २० किलो असते, ती मुळात ओझ्यासाठीच बांधलेली आहे. २८ इंची चाके, पुढे ३२ आणि मागे ४० आरे, जाड पोलादी नळ्या आणि मागचे चाक उचलून धरणारे रुंद स्टँड ही तिची ठेवण आहे. शिवाय आडवी दांडी दुहेरी असलेली जड कामाची आवृत्तीही मिळते. दूधवाल्याने तिच्या दोन्ही अंगांना कॅन टांगले, पाववाल्याने मागे पत्र्याची पेटी बसवली, मुंबईच्या डबेवाल्याने तिच्यावर डब्यांच्या रांगा लावल्या. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानातून किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ झाला, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने अगदी सायकल-रिक्षाचीही नव्याने घडण करून पाहिली. म्हणजे या यंत्रावर डोके चालवण्याची परंपरा मराठी मुलखात जुनी आहे. खेदाची गोष्ट एवढीच की ही सारी कल्पकता धंद्याच्या वाट्याला आली, आणि घरातले मूल मात्र आजही उघड्या कॅरिअरवर पाय लोंबकळत बसते.

या लोंबकळणाऱ्या पायांचा विचार सर्वांत आधी व्हावा. फिरत्या चाकाच्या आऱ्यांत मुलाची टाच सापडून होणारी इजा ही शल्यचिकित्सकांच्या नित्य परिचयाची असून ती वरून दिसते त्यापेक्षा खोल असते, कारण कातडीबरोबर आतील मऊ भागही चिरडला जातो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारे आवरण, म्हणजे ज्याला सर्वत्र साडी-गार्ड म्हणतात ते, आणि पाय ठेवण्याची जागा ही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमाने सक्तीची केली आहे. सायकलीला हा नियम लागू नाही, पण मुलाच्या टाचेला तो भेद ठाऊक नसतो. यासाठी मडगार्डपासून आसाच्या खालपर्यंत दोन्ही बाजूंना बारीक जाळी, आसाजवळ घट्ट पायटेकू, आणि पाठीला उंच आधार व पट्टे असलेली खुर्ची एवढे करावेच. मूल आधाराशिवाय नीट बसू लागून त्याची मान स्थिर होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षाचे होईपर्यंत, त्याला सायकलीवर घेऊ नये. आणि पुढे घेतल्यावरही डोक्यावर हेल्मेट व उन्हाळ्यात सावलीसाठी कापडी झडप असावी, कारण मराठवाड्यातील वैशाखात लोखंड हात लावू देत नाही.

स्वतःच्या वापरासाठी दांडीची सायकल निवडू नये. मागे मूल बसलेले असताना त्याच्या डोक्यावरून पाय फिरवून चढणे अशक्य असते, तर लेडीज सायकलीवर पुढून पाय टाकून सहज चढता येते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी दिलेल्या सायकली शिक्षण संपल्यावर कित्येक घरांत भिंतीला टेकून असतात. त्यांतील चांगल्या स्थितीतील एखादी या कामाचा उत्तम पाया ठरेल. आडवी दांडी नसल्याने तिची फ्रेम मागच्या जड ओझ्याखाली किंचित पिळवटते, म्हणून तिच्यावर मूल आणि हलका बाजार एवढेच न्यावे, आणि धान्याचे पोते, खत, गॅसची टाकी ही कामे काळ्या सायकलीकडे सोपवावीत.

बाजाराच्या पिशव्या हँडलला अडकवण्याची सवय मोडावी, कारण तेथील ओझे प्रत्येक झोक्यासरशी पुढचे चाक वळवू पाहते. त्याऐवजी कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबणाऱ्या जाड कापडी थैल्या लावाव्यात, परंतु मुलाचे पाय जेथे येतात ती जागा मोकळी ठेवावी. मळ्यातील फुले हा निराळा भार आहे: मुदखेडचे गुलाब आणि मोगरा वजनाने हलके, पण जागा पुष्कळ व्यापणारे आणि दाबले की मातीमोल होणारे, म्हणून त्यांच्यासाठी कॅरिअरवर रुंद, उथळ आणि हवा खेळती ठेवणारी टोपली हवी. ही सारी जोडणी नटबोल्टच्या क्लॅम्पने करावी. फ्रेमच्या नळ्या तोंडाशी पितळेच्या झाळणाने जोडलेल्या असतात आणि त्यांच्याजवळ विजेचे वेल्डिंग केल्यास सांधा कमकुवत होतो, हे फॅब्रिकेशनवाल्यास आधीच बजावून सांगावे.

ब्रेकबाबत तडजोड नको. सळईचे ब्रेक पोलादी रिमवर कोरड्यात बरे धरतात, पण रिम भिजली की पकड फार घटते, आणि भरलेली सायकल त्याच वेळी थांबवायची असते. म्हणून निदान पुढचे चाक ॲल्युमिनियमच्या रिमचे करून त्याला कॅलिपर ब्रेक, म्हणजे दोन्ही बाजूंनी रिम पकडणारा चिमटा, बसवावा. काळ्या सायकलीचे पुढचे दातेरी चक्र ४४ दात्यांचे व मागचे फ्रीव्हील १८ चे असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. फ्रीव्हील २२ चे केल्यास हे अंतर सुमारे ४.४ मीटर होते, वेग उतरतो, पण ओझ्यासह निघताना गुडघ्यांवरचा ताण स्पष्टपणे हलका होतो. साखळी त्या प्रमाणात वाढवून घ्यावी लागेल. मळ्याच्या वाटेवरची काळी माती पावसाळ्यात मडगार्ड व टायर यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरेनासे होते, यास्तव त्यांतील अंतर बोटभर तरी वाढवावे, आणि बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत जुन्या टायरची पट्टी घालावी. आदिलाबाद आणि निजामाबादकडील मार्ग येथे फुटत असल्याने गावाचा रेल्वेशी संबंध रोजचा आहे; फाटकातून जाताना रुळांना काटकोनात छेदावे, तिरपे गेल्यास चाक रुळालगतच्या खाचेत सापडते.

विजेच्या साहाय्याचा विचार पुढे करता येईल. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असलेली हलकी सायकल मोटार वाहनांत गणली जात नाही. मात्र ब्रेक आणि चाके दुरुस्त होण्याआधी मोटार बसवू नये. जाळी आणि पायटेकू यांची मापे मुलाला प्रत्यक्ष बसवूनच घ्यावीत, आणि जूनमध्ये बालवाडी सुरू होण्यापूर्वी खुर्चीत तेवढ्याच वजनाची धान्याची पिशवी बांधून रोजच्या वाटेने चालवून पाहावे.



मामा