कळपाबाहेरचा शब्द

लॅटिन भाषेत ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. त्या कळपातून वेगळा उठून दिसणारा तो ‘एग्रेगिउस’. सोळाव्या शतकात हे विशेषण ‘इग्रीजस’ होऊन इंग्रजीत आले ते आपल्या मूळच्या प्रतिष्ठेसह. मार्लोने ‘टॅम्बरलेन’मध्ये ते गौरवार्थाने योजले. परंतु त्याच शतकाच्या अखेरीस शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधला तोंडाळ पिस्टल ते शिवीला जोडतो. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. पुढे पहिला मावळला. आज ‘इग्रीजस’ असते ती चूक, लबाडी किंवा अन्याय.

या अधोगतीचा एक सोपा उलगडा सुचतो: कळपाबाहेर पडणारा समाजाला खुपतो, म्हणून शब्द बिघडला. तो आकर्षक आहे, पण टिकत नाही. इटालियन भाषेत याच धातूचे ‘एग्रेजो’ आजही औपचारिक पत्राच्या मायन्यात सन्मानाने येते. आपल्याकडचे ‘लोकोत्तर’ही लोकांपलीकडचेच, त्याला कोणी हिणवलेले नाही. दोष कळपाचा नव्हे. शब्द बिघडला तो बहुधा उपरोधाने.

उपरोधाचे हे काम मराठीला परके नाही. ‘महाभाग’ म्हणजे मोठ्या भाग्याचा, थोर पुरुष. आज ‘हे महाभाग कोण?’ असे कोणी विचारले की उत्तरात थोरवी अपेक्षित नसते. ‘काय प्रताप केलेस?’ या प्रश्नातला प्रताप रणांगणावरचा नसतो, आणि ‘दिवे लावणे’ तर घरोघर चालते. संस्कृतातले उदाहरण अधिक बोचरे आहे. ‘देवानांप्रिय’ हे सम्राट अशोकाने शिलालेखांत मिरवलेले बिरुद. भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’पर्यंत येता येता व्याकरणाने ते मूर्खाच्या नावे नोंदवून टाकले.

प्रश्न उरतो तो भाषांतरकाराचा, आणि तो केवळ वाङ्मयीन नाही. फसवणुकीच्या कारणावरून बँक हमीची रक्कम रोखायची, तर ती फसवणूक ‘इग्रीजस’ स्वरूपाची हवी, अशी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या एका निकालात स्वीकारली. येथे एका विशेषणावर पैसा अडतो किंवा सुटतो. त्याला मराठीत काय म्हणावे? ‘घोर’मध्ये भार आहे, पण घोर कृत्य अंधारातही घडते, त्याला उठून दिसण्याची अट नाही. ‘अक्षम्य’ हा शब्द निवाडाच देऊन मोकळा होतो. ‘ढळढळीत’ त्यातल्या त्यात जवळचा: डोळ्यांत भरणे त्यात शाबूत आहे. मात्र सत्यही ढळढळीत असते, आणि या शब्दाने कधी मानाचे दिवस पाहिलेले नाहीत. निकालपत्राला तेवढ्याने भागेल. सतराव्या शतकातला हॉब्ज जेव्हा प्रतिपक्षाला आपण त्याच्याइतके ‘इग्रीजस’ गणिती नसल्याचे सांगतो, तेथे स्तुती कोठे संपते आणि टोमणा कोठे सुरू होतो हे दाखवायला ‘ढळढळीत’ निरुपयोगी; तेथे ‘महाभाग’लाच हाक मारावी लागेल.